नऊ नक्षत्रं, एकच पत्रा आणि सहाव्या चित्रातला तो आकार

खिळेजुळारी (म्हापसा)

मी इथं एरवी शुद्धलेखनाच्या धाग्यांवर भांडायला येतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. चित्रांवर लिहायची ही पहिलीच वेळ, सांभाळून घ्या.

गेल्या शनिवारी पणजीला दात काढायला गेलो होतो. भूल उतरेपर्यंत चहासुद्धा घेता येईना, म्हणून पणजीतल्याच मळा भागात उगाच चालत राहिलो. एका जुन्या घराच्या बल्कांवावर, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओट्यावर, पुठ्ठ्याची पाटी लावलेली होती: मुद्राचित्रांचं प्रदर्शन, आत या. आत सावली होती आणि पंखा होता. शिरण्याचं खरं कारण तेच.

भिंतीवर नऊ चित्रं, एका ओळीत. सगळी एकाच मापाची, उघड्या पंचांगाएवढी. खाली पेन्सिलीनं नावं: मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त. चित्रांत माणूस नाही, झाड नाही, घर नाही. मृगात पांढऱ्या कागदावर चार बारीक रेघा आणि राखाडी शिंतोडे, बस. पुढं काळं वाढत जातं. पुष्यापर्यंत निम्मा कागद भरतो. उत्तरा तर इतकी काळी, की जवळ गेलं तर शाईचा थर बोटाला लागेल असं वाटतं. आणि हस्तात, त्या सगळ्या काळ्याच्या मधोमध, रुपयाएवढं पांढरं भोक.

मला काही कळलं नाही, पण निघावंसंही वाटेना. कोपऱ्यात बसलेली बाई आपणहून बोलली. चित्रं तिचीच. दिवाडी बेटावर राहते. म्हणाली, ही नऊ चित्रं नऊ पत्र्यांवरून काढलेली नाहीत, पत्रा एकच आहे, जस्ताचा. मृग लागला तेव्हा त्यावर पहिलं काम केलं, सात प्रती छापल्या. आर्द्रा लागल्यावर त्याच पत्र्यावर पुढचं. असं हस्तापर्यंत. म्हणजे आर्द्राचं काम सुरू झालं की मृग कायमचा गेला. तो आता फक्त त्या सात कागदांवर आहे.

हे ऐकल्यावर मी पुन्हा पहिल्यापासून बघायला लागलो. आता कळत होतं की मृगातली ती तिरपी रेघ पुनर्वसूतही आहे, पुष्यात जाड झालीय, आश्लेषात बुडालीय. घरातल्या भिंतीवरची ओल दरवर्षी कुठून कुठं सरकली हे आपल्याला पाठ असतं, तसं काहीसं.

आता मुद्द्याचं. सहावं चित्र, मघा. उजवीकडं खाली एक आकार आहे, करंगळीच्या नखाएवढा. दोन वाट्या शेजारी शेजारी, वर देठ. मी बावीस वर्षं छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाचे टाइप, जुळवले आणि पुढची चौदा कॉम्प्युटरवर घालवली. ज्यांनी शिशाचे टाइप बघितले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, टाइपवर अक्षर आरशातल्यासारखं उलटं असतं, आणि स्टिकमध्ये (टाइप ओळीनं लावायच्या हातातल्या पट्टीत) जुळवताना ओळ डोक्यावर उभी असते. आम्ही ती तशीच वाचायचो, सरळ वाचावी तितक्याच वेगानं. रामराम म्हटल्यासारखं. तर मला त्या आकारात स्पष्ट दिसला तो 'ळ'. आरशातला ळ.

दुसऱ्या दिवशी पत्नीला घेऊन गेलो. तिला खेकडा दिसला.

चित्रकर्तीला विचारायचं धाडस झालं नाही, तोंड सुजलेलं होतं. पण इथल्या जाणकारांना विचारतो: ज्या चित्रात काहीच 'काढलेलं' नाही त्यात अक्षर शोधणं हा गाढवपणा आहे का? आणि पत्रा एकच ठेवून दर वेळी मागचं मोडायचं, हे कशासाठी? नऊ पत्रे काही फार महाग नसतील.

---

तिसरा_प्रहर (पुणे)

फोटो टाका की! इतकं लिहिलंत आणि फोटो नाही.

---

खिळेजुळारी

काचेमागं आहेत. फोटोत माझाच सुजलेला गाल येतोय.

---

पितळी_सुरी (कुडाळ)

काका, मी आल्तिनोच्या कला महाविद्यालयात शिकलो, प्रिंटमेकिंगच घेतलं होतं. आता दुकानांचे बोर्ड करतो, ते सोडा. थोडं तांत्रिक सांगतो म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सापडेल.

हे एचिंग दिसतंय. पुस्तकी मराठीत आम्लरेखन. जस्ताच्या प्लेटवर मेण, डांबर आणि राळ यांचा पातळ थर द्यायचा, त्यावर सुईनं रेघ ओढायची. सुई पत्र्याला ओरखडत नाही, नुसता थर बाजूला करते. मग प्लेट सौम्य केलेल्या नायट्रिक ॲसिडमध्ये. जिथं पत्रा उघडा, तिथं ॲसिड खातं. रेघेवर बारीक बुडबुडे धरतात, ते पिसानं हळूच सारत राहायचं, नाहीतर रेघ वेडीवाकडी खाल्ली जाते. आमच्याकडे कोंबडीचं पीस असायचं. मग थर पुसायचा, शाई भरायची, वरची शाई तलम कापडानं आणि शेवटी तळहातानं पुसायची, ओला कागद ठेवायचा, वर नमदा (लोकरीचं जाड कापड), आणि प्रेसच्या रुळाखालून काढायचं. खड्ड्यातली शाई कागद ओढून घेतो. म्हणून तुम्हाला शाई बोटाला लागेल असं वाटलं. ती खरंच कागदावर उभी असते.

यात चित्र हातानं कमी आणि वेळेनं जास्त होतं. दोन मिनिटं ठेवलं तर केसासारखी रेघ, वीस मिनिटं ठेवलं तर चर. गार हवेत ॲसिड मंद खातं, उन्हाळ्यात भराभरा. मे महिन्यातलं वेळापत्रक जुलैत चालत नाही. 'किती काळं' याचा अर्थ 'किती वेळ' असाच असतो. तुम्ही नऊ चित्रं बघितलीत ती नऊ घड्याळं आहेत असं म्हणा हवं तर.

आणि एकाच प्लेटवर पुढं पुढं काम करत जाणं ही जुनी चाल आहे. प्रत्येक टप्प्याला 'स्टेट' म्हणतात. रेम्ब्रांटनं १६५३ साली 'तीन क्रूस' ही प्लेट केली, तीत सुळावरच्या ख्रिस्ताभोवती माणसांची गर्दी आहे. पुढं त्यानं त्याच प्लेटवरची बरीच माणसं घासून काढली आणि वरून अंधाराचे असे फटकारे ओढले की प्रसंग तोच, पण जणू आभाळ कोसळलेलं. दोन्ही छापे शेजारी ठेवले तर अंगावर काटा येतो. नऊ पत्रे घेतले असते तर नऊ चित्रं झाली असती. एक पत्रा घेतला म्हणून पावसाळा झाला.

---

निरीक्षक_९ (ठाणे)

सगळं मान्य, पण शेवटी कागद काळा करायचाय ना? तो माझी नात रोज करते. ॲसिडशिवाय.

---

पितळी_सुरी

नातीला मृगापासून हस्तापर्यंत एकाच कागदावर बसवून दाखवा, मी स्वतः फ्रेम करून देतो.

---

अधिकमास (फोंडा)

एक दुरुस्ती नव्हे, पुरवणी. बऱ्याच जणांना नक्षत्र म्हटलं की चंद्राचं, रोज बदलणारं, तेच आठवतं. पावसाची नक्षत्रं सूर्याची. सूर्य एका नक्षत्रात साधारण १३-१४ दिवस असतो. मृग ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला, मग पंधरवड्याच्या अंतरानं पुढची, हस्त २६-२७ सप्टेंबरला. म्हणजे बाईंनी सुमारे चार महिने एका पत्र्याला वाहिले. गोव्यात वर्षाला ३००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा याच चार महिन्यांत. काळं वाढत जाणारच.

आमची आजी ही नावं घेतच नसे. पुनर्वसू म्हणजे 'तरणा', पुष्य म्हणजे 'म्हातारा', आश्लेषा म्हणजे 'आसळका', मघा सासूचा पाऊस आणि पूर्वा सुनेचा. तुमचा ळ सासूच्या पावसात उगवलाय, याची नोंद घ्यावी.

पंचांगात प्रत्येक पावसाळी नक्षत्राला वाहन असतं. बेडूक, म्हैस, हत्ती, कोल्हा, मोर, गाढव. बेडूक, म्हैस, हत्ती आले की शेतकरी खूश. वहिनींना खेकडा दिसला, पण खेकडा वाहनांच्या यादीत नाही.

आणि तुम्ही मापाची उपमा पंचांगाची दिलीत ते फार आवडलं. १८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी पहिलं मराठी पंचांग छापलं ते शिळाछापावर. दगडावर चरबीच्या शाईनं लिहायचं, दगड ओला करायचा, पाणी शाईला नको तिथं बसू देत नाही, तेलकट अक्षर तेवढी शाई धरतं. मराठी घराघरांत 'काळ' छापून पोचला तो असा, दगडावरून.

---

दूरदेशी (टोरांटो)

अक्षर शोधणं गाढवपणा आहे का, या प्रश्नावर. मुळीच नाही. झरीना हाश्मी यांचं काम शोधून बघा. जन्म अलीगढचा, १९३७. गणित शिकल्या, मग बँकॉक, पॅरिस, टोकियो असं फिरत छापकाम शिकल्या. फाळणीनं घरच्यांची पांगापांग झाली. १९९९ साली त्यांनी 'घर ही परकी जागा' अशा अर्थाच्या नावाची ३६ वुडकटची (लाकडाच्या ठशावरून छापलेल्या चित्रांची) मालिका केली. प्रत्येक कागदावर काळ्या रेघांचा एक अगदी साधा आकार, आणि खाली उर्दूत एक शब्द. उंबरठा म्हटलं तर एक रेघ. त्यात 'भाषा' हाही शब्द आहे. मी त्यातल्या काही न्यूयॉर्कला प्रत्यक्ष बघितल्या आहेत. उर्दू वाचता येत नाही, तरी उंबरठा कळला. का कळला ते अजून सांगता येत नाही मला.

इथं एक फरक जाणवतो. झरीनांनी शब्द आधी ठरवले आणि आकार मागून आले. काकांच्या बाईंनी नक्षत्राचं नाव फक्त खाली लिहिलंय, आत शब्द नाही. तरी काकांना अक्षर दिसलंच. छत्तीस वर्षं अक्षरांत घालवल्यावर दुसरं काय दिसणार? सुताराला जंगलात फळ्या दिसतात.

---

कुशावती (केपे)

मला गुळाचं आठवलं. म्हणजे असं, की मीही हे प्रदर्शन बघितलंय, आणि मी विचारलं होतं की ते राखाडी शिंतोडे कसे केले. त्या म्हणाल्या, गुळाच्या पाकानं. शाई मिसळलेल्या पाकानं पत्र्यावर काढायचं, त्यावर मेणडांबराचा पातळ थर, आणि पत्रा पाण्यात. पाक विरघळून वरचा थर उचलतो आणि तेवढाच पत्रा उघडा पडतो. सगळीकडे साखर वापरतात, त्यांनी माडाचा गूळ वापरलाय. आणि पाण्यात बुडवण्याऐवजी पत्रा पागोळ्यांखाली ठेवला. म्हणजे थर कुठं उचलायचा आणि किती, ते अर्धं पावसानं ठरवलं.

हे ऐकून मी थेट कावीवर पोचले. गोव्यात आणि खाली कोकणात जुन्या देवळांच्या भिंतींवर तांबडी-पांढरी नक्षी असते ना, ती. भिंतीला चुन्याचा गिलावा, त्यात गूळ घालून चुना मुरवलेला. त्यावर कावेचा तांबडा थर, आणि तो ओला असतानाच लोखंडी टोकानं खरवडून खालचं पांढरं उघडं करायचं. रंग लावून चित्र काढायचं नाही, काढून टाकून काढायचं. पितळी_सुरी यांनी वर सांगितलं त्याच्याशी ताडून बघा: थर द्यायचा, ओरखडायचा, खालचं वर आणायचं. आमच्या मिस्त्रींनी प्रेस लावला नाही इतकंच.

आणखी मागं जायचं तर आमच्या रिवणजवळ पणसायमळला कुशावतीच्या काठी जांभ्या दगडावर कोरलेली चित्रं आहेत. गावकऱ्यांमुळं ती १९९३ साली अभ्यासकांसमोर आली. बैल, हरणं, नाचणारी बाई, आणि एक मोठं गोल चक्रव्यूहासारखं. कितीतरी काळ ती नदीच्या गाळाखाली होती. शाळेत असताना आम्ही त्या चक्रव्यूहाच्या चरांत बोट फिरवत बाहेर पडायचा रस्ता शोधायचो. (आता तसं करू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.) तो चक्रव्यूह कुणी विचारत नाही की 'हे काय काढलंय'. जुनं असलं की अमूर्त चालतं. नवं असलं की नात आठवते.

---

निरीक्षक_९

नातीवरचा रोख कळला. पण मी गंभीरपणे विचारतो: कलावंताच्या मनात काय होतं ते न कळता, मी त्यात वाटेल ते बघावं, आणि दोन्ही बरोबर? मग समीक्षा कशाची? गायतोंड्यांच्या चित्रांपुढंही मी असाच उभा राहिलो होतो. छान वाटलं, पण छान का वाटलं हे सांगणारा भेटला नाही.

---

पितळी_सुरी

गायतोंडे आलेच आहेत तर: मूळ कुटुंब गोव्याचं, जन्म १९२४, नागपूर. ते स्वतः 'अमूर्त' हा शब्द नाकारत. रूळ आणि पॅलेट नाइफ वापरून रंग लावायचे, कागद दाबून रंग उचलायचे. हात कॅनव्हासवरचा, पण चाल आम्हा छापणाऱ्यांची.

तुमच्या प्रश्नाला एक उलटं उदाहरण देतो. पिकासोनं १९४५च्या डिसेंबरात एका लिथोच्या, म्हणजे शिळाछापाच्या, दगडावर बैल काढला. चांगला मांसल, शिंगंबिंगं. मग त्याच दगडावर तो घासत, पुसत, कमी करत गेला. अकरा टप्पे. अकराव्यात बैल म्हणजे दहाबारा रेघा. तो एकटा बघितलात तर नात आठवेल. पहिल्यापासून बघत आलात तर त्या रेघेत वशिंडाचं वजन दिसतं. त्यानं काढत काढत कमी केलं, आमच्या बाईंनी खात खात वाढवलं. कळणं म्हणजे मागचं आठवणं, निदान छापकामात तरी.

---

मांडवी_एक्सप्रेस (मडगाव)

विषयांतराबद्दल माफी, पण हे प्रिंट विकायला आहेत का? किती? आणि आपल्या हवेत टिकतात का? आमच्याकडे लग्नाच्या अल्बमला बुरशी आली.

---

कुशावती

सातांतले तीन संच विकायचे नाहीत असं म्हणत होत्या. सुटे मिळतात, किंमत इथं लिहीत नाही, माझ्या एका पगारात बसली नसती. बुरशीचं: काचेला कागद चिकटू द्यायचा नाही, मध्ये पुठ्ठ्याची चौकट हवी, आणि बाहेरच्या भिंतीवर लावायचं नाही. जुलैत ओल झिरपते तीच भिंत.

---

सत्यवचन (डिचोली)

ळ दिसला म्हणून मराठीवाले खूश झालेले दिसतात. ळ कोंकणीतही आहे. 'काळ', 'वेळ', 'मळब' आमच्याही तोंडात आहेत. दिवाडीच्या बाईनं काढलाय तर तो कोंकणी ळ.

---

अधिकमास

अहो, दोघांची लिपी एक, ळही एकच. १६१६ साली रायतूरला फादर स्टीफन्सनं सुमारे ११ हजार ओव्यांचं मराठी पुराण छापलं ते रोमन लिपीत. तेव्हा बिचाऱ्या ळला गोव्यात खिळाच नव्हता. चारशे वर्षांनी एक सापडला तर त्याचा सातबारा कुणाच्या नावावर म्हणून भांडायचं?

---

सत्यवचन

सातबारा नाही, गोव्यात एक-चौदा असतो. तेवढं तरी बरोबर लिहा.

---

संपादक

भाषावादाचे पुढचे चार प्रतिसाद काढले आहेत. त्यासाठी वेगळा धागा आहे, तिथं १२०० प्रतिसाद झालेत, तिथं जावं.

---

खिळेजुळारी

मंडळी, उशीर झाला. काल दिवाडीला जाऊन आलो.

जुन्या गोव्याहून फेरीबोटीनं गेलो. तिथं वाटेवर संत पावलाच्या कॉलेजची उरलेली एक कमान आहे. मी दर वेळी तिच्यासमोर थांबतो. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली या कॉलेजात आला. खरं तर तो निघाला होता इथियोपियाला, गोव्यात उतरला तो इथलाच झाला. १५६३ साली गोव्यातच गार्सिया द ऑर्ताचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक निघालं. त्याच्या शेवटी लांबलचक शुद्धिपत्र आहे. ते मी कुठंतरी वाचलं तेव्हा पहिल्यांदा त्या अज्ञात जुळाऱ्याशी नातं जुळल्यासारखं वाटलं. पावसाळ्यात, परक्या देशात, परक्या झाडांची नावं जुळवायची, आणि वरून लेखक डॉक्टर. डॉक्टरांचं अक्षर तुम्हाला माहीतच आहे.

असो. बाईंचं घर खाजनाच्या कडेला. मागच्या दारातून बांध दिसतो आणि त्यात मानस. गोव्याबाहेरच्यांसाठी: खाजन म्हणजे खाडीलगतची बांध घालून काढलेली सखल शेती, आणि मानस म्हणजे त्या बांधातलं लाकडी झडपांचं दार. भरतीला पाण्याच्या जोरानं आपोआप मिटतं, ओहोटीला आपोआप उघडतं. दिवसातून दोनदा, आणि रोज साधारण पाऊण तास उशिरा. मराठी माणसाला मानस म्हटलं की वेगळंच आठवतं. त्या म्हणाल्या, मला दोन्ही आठवतात, मी शाळा मराठीत केली आणि भांडते कोंकणीत.

कामाची जागा म्हणजे पूर्वीचा गोठा. प्रेस हातानं फिरवायचा, चाक बैलगाडीच्या चाकाएवढं. ओले केलेले कागद पावसात दोन दिवसांत बुरशी धरतात, म्हणून त्या ते प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवतात, बांगड्यांच्या वरच्या खणात. जस्ताच्या पत्र्यावर खाऱ्या हवेनं पांढरं चढतं, ते रोज पुसावं लागतं. आश्लेषात चार दिवस वीज नव्हती, तेव्हाचं काम त्यांनी मेणबत्तीच्या उजेडात केलंय. मला वाटलं होतं त्या चित्रात मुद्दाम धुरकट केलंय. मुद्दाम नव्हतं, दिसतच नव्हतं.

मग विचारलं. म्हटलं, बाय, मघात उजवीकडं खाली तुम्ही ळ का काढलात?

त्यांनी चित्र आणलं, चष्मा लावला, आणि बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, मी नाही काढला. तो डाग आहे. मेणाचा थर तिथं नीट बसला नव्हता, चवथीच्या गडबडीत घाईनं दिला होता. दोन फटी पडल्या, ॲसिड आत शिरलं आणि नको तिथं खाल्लं. छापल्यावर लक्षात आलं. घासून काढता आला असता, पण वाईट दिसत नव्हता, म्हणून ठेवला. मला तो मानशीपाशी पाणी उलटं फिरताना भोवरे पडतात तसा वाटला होता.

तर पितळी_सुरी, याला तुमच्यात काय म्हणतात?

---

पितळी_सुरी

फाउल बाइट. पहिल्या वर्षी मार्क जातात, शेवटच्या वर्षी मार्क मिळतात.

---

दूरदेशी

म्हणजे ळ पावसानं लिहिला.

---

निरीक्षक_९

पावसानं नाही, घाईनं. आणि माझा मुद्दा सिद्ध झाला. कलावंतालाही माहीत नव्हतं.

---

कुशावती

पण ठेवायचा की काढायचा हे तिनं ठरवलं ना. नात ठरवत नाही, तिला झोप येते.

काका, पूर्वामध्ये तो आहे का? मला आठवत नाही.

---

खिळेजुळारी

आहे, पण फुगलेला. एक वाटी दुसरीत मिसळलीय. उत्तरेत शोधूनही सापडत नाही. आणि हस्तातल्या भोकाचं कोडंही सुटलं. इतक्या वेळा खाल्ल्यामुळं पत्रा मधे आरपार गेला. बोट घालून बघितलं मी. त्या म्हणाल्या, हस्त छापताना तिथं शाईच नव्हती, कागद नुसता दाबला गेला. म्हणून त्या पांढऱ्यावर उजेड तिरका पडला की उंचवटा दिसतो. आता पत्रा संपला. चित्रा आणि स्वाती छापताच येणार नाहीत.

मग एक गंमत झाली. मघाची एक खराब प्रत होती, कडेला शाई सांडलेली, क्रमांक न घातलेली. ती त्यांनी मला दिली. म्हणाल्या, तुम्ही छापखान्यातले, प्रूफ तपासून द्या. मी हसलो आणि घरी आणून टेबलावर ठेवली. रात्री जेवण झाल्यावर सहज बघत बसलो होतो. हातात लाल पेन्सिल कधी आली ते कळलं नाही. सकाळी बघतो तर समासात, त्या आकाराच्या बरोबर समोर, 'टाइप उलटा, सरळ करावा' याची खूण. माझ्याच हातची. खाली तारीख.

---

अधिकमास

अरे देवा. खोडरबर?

---

खिळेजुळारी

हलकी आहे, निघेल. पण फोनवर त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, पुसू नका, तशीच घेऊन या.

---

तिसरा_प्रहर

आता तरी फोटो!!

---

खिळेजुळारी

काढला. नातवाच्या फोनचा पुढचा कॅमेरा लागला होता, त्यात सगळं आरशासारखं येतं. ळ एकदम सरळ आलाय, खूण मात्र उलटी. मागच्या कॅमेऱ्यानं परत काढतो. नातू शाळेतून आला की.